पिशवीतला लव्हाळा

पुतण्या : नाना, आधी हिशेब मांडू, मग भांडू. जून-जुलैत खुंटाची काडी लावल्यापासून डोळा भरून तयार झालेलं गुलाबाचं कलम गाडीत चढेपर्यंत एकेका पिशवीला खुरपणाऱ्या बाईचा हात किती वेळा लागतो? पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. डोळे भरणाऱ्या कारागिराची मजुरी आपण घासाघीस करून ठरवतो. खुरपणीचा वर्षभराचा खर्च मात्र विजेच्या बिलासारखा मुकाट भरतो. तो कमी होऊ शकतो हे आपल्या मनातच येत नाही. मी म्हणतो, पिशव्यांखाली वीड मॅट अंथरा. माती आणि शेणखत बंद करून कोकोपीट भरा. जमिनीतल्या खुंटांच्या ओळींवर उगवणीआधीचं तणनाशक मारा; रस्ते, बांध, कुंपण ग्लायफोसेटने साफ ठेवा. एवढं केलं की तण हा विषयच राहत नाही. सोरतापवाडीपासून उरुळी कांचनपर्यंत पुणे-सोलापूर रस्त्याला इतक्या नर्सऱ्या आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांच्या पिशव्या बघा आणि आपल्या बघा.

चुलता : ‘विषयच राहत नाही’ हे वाक्य मी या धंद्यात बऱ्याचदा ऐकलंय, आणि दर वेळी ते बोलणाऱ्याच्या पिशवीत काहीतरी विकायचा माल होता. तू विकत नाहीस, म्हणून बसून ऐकतोय. पण तू ‘तण’ असा एकच शब्द वापरलास, तिथेच तुझी गाडी चुकली. आपल्या पिशवीत घोळ येते, दुधी येते, आंबुशी, भुईआवळी, केना, तांदुळजा, हरळी आणि लव्हाळा येतो. यांच्या खोडी वेगवेगळ्या. घोळ उपटून तिथेच वाफ्यावर टाकली, तर ओलाव्याच्या दिवसांत तिचा तुकडा परत मूळ धरतो. आंबुशीची शेंग पिकली की नुसत्या धक्क्याने तडकते आणि शेजारच्या चार पिशव्यांत बी टाकते. भुईआवळीचंही तेच. म्हणजे आठ दिवस उशिरा बसलेली बाई खुरपत नसते, पेरत असते.

लव्हाळ्याची तर तऱ्हाच निराळी. खाली गाठींची माळ असते, एक गाठ दुसरीला बारीक दोऱ्याने जोडलेली. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ फुटते आणि मागच्या झोपून राहतात. खुरप्याने दोरा तोडला की त्या झोपलेल्यांना जाग येते. म्हणजे एक लव्हाळा खुरपला की महिन्याने तीन दिसतात. हे मी तुझ्याच बाजूने बोलतोय, बरं का. पण तुझं ते उगवणीआधीचं पेंडीमिथॅलिनसुद्धा त्याला काही करत नाही. ते बारीक बियांना उगवतानाच अडवतं. गाठीतून जोर घेऊन आलेल्या कोंबाला त्याची फिकीर नाही. पातळ मल्चिंग पेपर तर तो सुईसारखा भोसकून वर येतो. त्याला संपवणारं एकच बघितलंय मी, एप्रिल-मेचं ऊन. जमीन खोल नांगरून गाठी वर काढायच्या आणि कडक वाळू द्यायच्या. कोरडेपणाने गाठ मरते. पण ते रिकाम्या रानात. पिशवीत नांगर कसा घालणार?

पुतण्या : मग तर खुरप्याची बाजू आणखीच लंगडी झाली. ज्या हत्याराने रोग वाढतो, त्याच्यावर आपण वर्षाला एवढे पैसे घालतो. आणि पैशाचं सोडा. त्या बाया दिवसभर उकिडव्या बसतात. दोन पिशव्यांच्या फटीत हात घालायचा म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत काटे ओरबाडतात. संध्याकाळी उठताना गुडघ्यावर हात देऊन उठतात. कॅलिफोर्नियात 1975 साली आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली, कारण वाकून काम करून मजुरांच्या पाठी कायमच्या जात होत्या. तिथे लांब दांड्याची कुदळ आली आणि शेती काही बुडाली नाही. आपल्याकडे खुरप्याचा दांडा वीतभर. आपण त्याला परंपरा म्हणतो.

राहिला लव्हाळा. ग्लायफोसेट पानातून आत शिरतं आणि झाडाच्या रसाबरोबर खाली गाठीपर्यंत जातं. खुरपं जिथे पोचत नाही तिथे ते पोचतं. मातीत पडलं की चिकणमातीच्या कणांना चिकटून निकामी होतं, म्हणजे पुढच्या लागवडीला धोका नाही.

चुलता : ज्या गाठीला पानच फुटलेलं नाही, तिच्यापर्यंत ते कोणत्या वाटेने जाणार? झोपलेली गाठ औषधातूनही झोपूनच वाचते. मारलेल्या वाफ्यात पंधरा दिवस सगळं पिवळं दिसतं, माणूस खूश होतो, आणि पाऊस पडला की हिरवी सुई वर. आता गुलाबाचं सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलंय. तू तेव्हा कॉलेजात होतास. मीही तुझ्यासारखाच पेटलो होतो. सप्टेंबरात खुंटांच्या ओळींमधून ग्लायफोसेट मारलं, अगदी पंप खाली धरून, पानाला थेंब लागू न देता. महिनाभर काही झालं नाही. हिवाळ्यात डोळे भरले, डोळे लागलेही. फेब्रुवारीत वरचा खुंट छाटला आणि नवी फूट आली ती अशी विचित्र की बघवेना. झाडूसारखे झुबके, पानं दोऱ्यासारखी बारीक. मला वाटलं विषाणू. दोन वाफे उपटून जाळले. नंतर एका जाणत्या माणसाने विचारलं, खुंटाचं खोड हिरवं होतं का? तेव्हा उजेड पडला. गुलाबाची कोवळी साल हिरवी असते, पानासारखंच तीही औषध पिते. प्यायलेलं ते झाडात बसून राहतं आणि पुढच्या फुटीला बाहेर पडतं. अमेरिकेत गुलाबाचा एक विषाणूरोग आहे, त्यात आणि या इजेत जाणकारही फसतात म्हणे. तणनाशकाने तण मारलं की नाही हे पंधरा दिवसांत कळतं. गुलाबाला मारलं की नाही हे कळायला मला पाच महिने लागले. एवढा उधारीचा हिशेब मला झेपत नाही.

दुसरं, डब्यावरचं लेबल वाच. आपल्या देशात त्याला मंजुरी चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठी मिळाली. गुलाबाचा वाफा यातलं काहीच नाही. 2022च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढली की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं. त्याआधी 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. इतर काही देशांच्या नियामकांनी ते मानलं नाही, हेही मला ठाऊक आहे. तो वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. माझा पंप मारणारा माणूस उघड्या हाताने औषध कालवतो, एवढं मला दिसतं.

पुतण्या : ती चूक औषधाची नव्हती, मारण्याची होती. नोझलला हूड लावायचा, वारा पडलेला असताना मारायचं, हिरव्या खोडापासून लांब राहायचं. आणि कालव्याच्या गढूळ पाण्यात कालवलंत तर अर्धं औषध गाळच खाऊन टाकतो, मग माणूस मात्रा वाढवतो आणि फसतो. पण जाऊ द्या, ग्लायफोसेट मी सोडून दिलं. कुंपणालासुद्धा नको. वादात एक प्यादं देतो. मला एवढंच सांगा, औषधाची भीती दाखवून तुम्ही खुरप्याला संरक्षण का देताय? औषध नको म्हणजे खुरपं हवं, असं कुठे ठरलंय? मॅटमध्ये विष नाही. कोकोपीटमध्ये विष नाही.

आणि आपल्या नर्सरीपुरता हा विषय संपतही नाही. शेजारच्या उसात 2,4-डी तणनाशक मारलं की आपल्या गुलाबाची पानं वळतात, शेंडे पिळवटतात. त्यातला एस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन येतो, फवारा संपल्यावरसुद्धा. म्हणजे आपण खुरपत बसलो तरी औषध आपल्याकडे येणारच. फक्त ते दुसऱ्याच्या निवडीचं असेल.

चुलता : उसाचं खरं आहे. त्या बाजूला मी शेवरी लावली ती त्यासाठीच, आणि त्या शेतकऱ्याला दर वर्षी दोन कलमं फुकट देतो तेही त्यासाठीच. फवारायच्या आदल्या दिवशी फोन करतो बिचारा.

मॅटचं म्हणशील तर मॅट वाईट नाही, पण तीही जित्राबासारखीच आहे, सांभाळावी लागते. पहिलं वर्ष झकास. मग तिच्यावर धूळ बसते, पिशव्यांतून सांडलेली माती बसते, पाला कुजतो. त्या अर्ध्या बोटाच्या थरात भुईआवळी वरून उगवते आणि तिची मुळं मॅटच्या विणीत अडकतात. उपटायला गेलास की मॅट उसवते. तीन-चार उन्हाळ्यांनी तिच्या प्लास्टिकच्या दशा वाऱ्यावर उडायला लागतात. मग त्या दशा वेचायला कोण? त्याच बाया. ऊस आपल्या दारात आहे, मी ओळींमध्ये पाचट अंथरतो. त्याने तण दबतं, ओल टिकते, पावसाच्या थेंबांनी चिखल उडून काळ्या ठिपक्यांचा रोग पानांवर चढतो तोही कमी होतो. पण पाचटालाही वाळवी लागते. गेल्या वर्षी त्यात घोणस निघाली आणि आठ दिवस कुणी ओळीत पाय टाकला नाही. तेव्हा मी पाचटाची आरती ओवाळत नाही. जे वापरशील त्याची निगा मजुरीत धर, एवढंच म्हणतो.

पुतण्या : मग निदान मूळ तरी बंद करा. तण आपल्याकडे येतं कुठून? शेणखतातून. जनावराच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडतं आणि आपण ते अर्धकच्चं खत पिशवीत भरतो. ढीग नीट लावून, ओल धरून, दोन-तीनदा वरखाली केला तर आत पंचावन्न-साठ अंश तापतो आणि बी मरतं. आपला ढीग सहा महिने जागचा हलत नाही. मधोमध शिजतो, कडेला कच्चा. दुसरं, ओढ्याकाठचा पोयटा. तुमच्या लव्हाळ्याच्या गाठी तिथूनच येतात. तिसरं, कालव्याचं पाणी. आवर्तन सुटलं की खडकवासल्यापासून वाटेत जेवढे बांध आणि उकिरडे लागले, त्या सगळ्यांचं बी आपल्या हौदात. उन्हाळ्यात पोयटा पातळ पसरून, भिजवून, वर पारदर्शक प्लास्टिक सहा आठवडे ताणून ठेवलं तर बरंचसं बी उन्हानेच मरेल. काळं प्लास्टिक नको. पारदर्शक हवं, ऊन आत शिरलं पाहिजे. यात विष नाही, खुरपं नाही. मग हे का करत नाही आपण?

चुलता : कारण एप्रिल-मेत तो पोयटा लागतो. तू जूनच्या पिशव्या ऑगस्टमध्ये भरणार का? पण हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. एक वर्ष आधीचा पोयटा आणून ठेवला पाहिजे. त्याला जागा लागते आणि आगाऊ पैसे लागतात. जागेचं बघू.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. दोघेही ‘बाया’ हा शब्द आपापल्या सोयीने वापरतात. एकाला त्यांची पाठ दिसते, दुसऱ्याला त्यांचे हात. पण या दोघांपैकी कुणीही गेल्या काही वर्षांत सलग दोन तास उकिडवं बसून खुरपलेलं नाही. हे ध्यानात ठेवून वाचकाने पुढे वाचावं. आणि चुलता-पुतण्याच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, हा महाराष्ट्राचा जुना अनुभवही आहेच.)

पुतण्या : बघा, जागेवर आणि पैशांवर येऊन थांबलात, तत्त्वाचा विरोध नाही तर. मग बायांची भावनिक गोष्ट पुढे करू नका.

चुलता : भावनिक? त्या घरी जाताना घोळीची जुडी नेतात, तांदुळजा नेतात. ती रात्रीची भाजी असते. भुईआवळी कुणाला कावीळ झाली की मागायला येतात. माका तेलात उकळतात. तुझा लव्हाळा म्हणजेच नागरमोथा. त्याच गाठी वाळवून कुटल्या की दिवाळीच्या उटण्यात जातात. आपण रान साफ करतो म्हणतो तेव्हा कुणाच्या तरी परसातलं उचलून फेकत असतो. औषध मारलेल्या वाफ्यातली घोळ त्यांनी नेली तर? त्यांना कोण सांगणार?

पुतण्या : नाना, भाजीच्या जुडीवर कुणाचं घर चालत नाही. जुडी नेतात कारण बाजारातली भाजी परवडत नाही, आणि ती परवडत नाही कारण आपण जी रोजी देतो तीच तेवढी. त्यांच्या टोपलीतली घोळ दाखवून आपण आपली मजुरी झाकतोय. आणि लव्हाळा उटण्यात जातो म्हणून तो गुलाबाच्या पिशवीत का असावा? तुळस पवित्र आहे, पण गव्हाच्या पेरात ती उगवली तर तुम्ही पूजा घालाल की उपटाल?

चुलता : उपटीन. आणि कुंडीत लावीन. (हसून) बरं, उटणं सोड. पण आता तुला मी अशी गोष्ट सांगतो की तुझी बाजू माझ्याहून भक्कम होईल. गाडी भरायच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? पिशव्यांची तोंडं साफ करतो. आठ बाया बसतात, वरचं हिरवं खुडतात, वर मूठभर काळं कंपोस्ट भुरभुरतात. पिशवी कशी नव्या नवरीसारखी दिसते. आणि आत? लव्हाळ्याच्या दोन-तीन गाठी तशाच. त्या हैदराबादला जातात, सुरतेला जातात, गोव्यात जातात. गिऱ्हाईक हौसेने बागेत खड्डा घेतं, पिशवी फाडून मातीचा गोळा जसाच्या तसा ठेवतं. पुढच्या पावसाळ्यात गुलाबाभोवती हिरवं वर्तुळ. वर्षाने बागभर. तो माणूस म्हणतो, पक्ष्यांनी आणलं असेल. पक्ष्यांनी नाही रे, आम्ही आणलं, गाडीभाड्यासकट.

1955च्या सुमारास गाजरगवत पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं लोक अजून सांगतात. आपण सगळे त्या गव्हाला शिव्या देतो. आपल्या पिशव्यांना कोण शिव्या देणार? तण दिसलं तर गिऱ्हाईक परत जातं, न दिसलं तर घेऊन जातं. म्हणजे आपण खुरपणीचे पैसे तण काढायला देत नव्हतो. तण लपवायला देत होतो.

पुतण्या : हे तुम्ही बोललात म्हणून बरं. मी बोललो असतो तर चुलत्याच्या धंद्याला नावं ठेवली असं झालं असतं. मग कोकोपीटला विरोध का उरला? त्यात पोयटा नाही, म्हणून गाठ नाही.

चुलता : पोतं उघडं ठेवलं नाही तर नाही. पिशवी जमिनीवर टेकवली नाही तर नाही. खालच्या भोकातून लव्हाळा आत शिरलेला मी दाखवतो तुला. पण विरोध त्यासाठी नाही. तुझं कोकोपीट आपल्याकडच्या काळ्या मातीत गेलं की काय होतं? भोवतालची माती ओली आणि मधला गोळा कोरडा, किंवा उलटं. मुळं त्या गोळ्यातच घुटमळतात, बाहेर पडायला मागत नाहीत. रोप वर्षभर जगतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बसतं. तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. लव्हाळ्यासाठी कुणी येत नाही. आणि खरं सांग, कोकोपीट तुला तणासाठी हवंय की हलकं असतं म्हणून? मातीची पिशवी गाडीत जेवढी बसते त्याच्या दीडपट तुझी बसेल.

पुतण्या : दोन्हींसाठी. भाडं वाचलं तर त्यात पाप काय? आणि अर्धा पोयटा, अर्धं कोकोपीट हा मार्ग आहेच. पोयटा उन्हात तापवलेला हवा, एवढंच. पण मला तुमचं खरं म्हणणं अजून कळलेलं नाही. खुरपं गाठी वाढवतं, हे तुम्हीच म्हणालात. ते तण लपवतं, हेही तुम्हीच म्हणालात. तरी आठ बाया हव्यात. का?

चुलता : कारण त्या खुरपताना बघतात. मला हे नीट मांडता येत नाही, तरी बघ. पिशवीपासून वीतभर अंतरावर दिवसभर डोळे असलेलं आपल्या नर्सरीत दुसरं कुणी नाही. मी उभा फिरतो, तू मोबाइल घेऊन फिरतोस. पानाखाली लाल कोळी आला की पहिल्यांदा कळतं ते खुरपणाऱ्या बाईला. डोळा सुटलाय, पट्टी रुतलीय, फांदी वरून काळी पडत खाली येतेय, हे तीच सांगते. आणि सगळ्यात मोठं, खालचा फुटवा. डोळ्याच्या खालून खुंटाला जे फुटतं ते. हिरवंगार, जोमदार, तुझ्या ग्लॅडिएटर गुलाबापेक्षा दुप्पट वेगाने वाढणारं. नवख्याला वाटतं, वा, काय कलम आहे! तो सगळा रस ओढतो, वरचा डोळा उपाशी मरतो, आणि दोन वर्षांनी गिऱ्हाईकाच्या बागेत लाल गुलाबाऐवजी पांढऱ्या बारक्या फुलांचे घोस. गुलाबाच्या नर्सरीतलं सगळ्यात महाग तण ते. त्याला तुझी कुठली मॅट अडवणार? कुठलं औषध ओळखणार? तो गुलाबच आहे.

पुतण्या : मल्टिफ्लोरा असेल तर ओळखायची खूण आहे. देठाच्या बुडाशी जे छोटं उपपर्ण असतं त्याला झालर असते. पर्णिका सातच्या आसपास. लोक पाच आणि सातवर भांडतात, पण नव्या गुलाबांतही सात येतात. झालर बघावी.

चुलता : बघ, तू पुस्तकातून शिकलास. आपल्याकडच्या थोरल्या बाईला झालर हा शब्द माहीत नाही, पण ती अंधारातसुद्धा बोटाने सांगेल. आणि कात्रीने कापत नाही. कापला तर त्याच जागेवरून चार येतात. ती माती बाजूला करून बुडाशी पकडते आणि खाली ओढून टाचेसकट काढते.

पुतण्या : या मल्टिफ्लोराची एक गंमत आहे, नाना. हा जपान-चीनकडचा गुलाब. अमेरिकेत नेला तो कलमांसाठी खुंट म्हणूनच, एकोणिसाव्या शतकात. मग 1930च्या दशकात तिथल्या सरकारी मृदसंधारण खात्याने धूप थांबवायला आणि जिवंत कुंपण म्हणून शेतकऱ्यांना तो लावायला सांगितलं. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बी पसरलं, कुरणंच्या कुरणं काट्यांनी भरली. आता तिथल्या अनेक राज्यांत तो उपद्रवी तण म्हणून कायद्याने नोंदलेला आहे. आपण ज्याच्यावर धंदा उभा केलाय, तो तिथे सरकारच्या नजरेत गाजरगवत.

चुलता : मग तण कशाला म्हणायचं, हे ठरवणारा कोण?

पुतण्या : ठरवणारा जो आहे, त्याच्या मजुरीबद्दल मला बोलायचंय. तुम्ही म्हणता की बाईचा डोळा हीच खरी तणनियंत्रणाची यंत्रणा. मान्य. मग डोळे भरणाऱ्या कारागिराच्या निम्म्याने तिला रोजी का? तो एक डोळा बसवतो, ती शंभर डोळे वाचवते. तुम्ही तिच्या नजरेचं एवढं कौतुक करता आणि पैसे मात्र उकिडवं बसण्याचे देता. माझी योजना ऐका. पोयटा तापवून घेऊ, मॅट टाकू, पिशव्यांवर भाताच्या तुसाचा बोटभर थर देऊ, म्हणजे बारीक बियांचं तण निम्म्यावर येईल. मग खुरपणीला आठ जणी लागणार नाहीत. दोघी-तिघी लागतील, पण त्या खुरपणाऱ्या नसतील, तपासणाऱ्या असतील. त्यांना बसायला पाट, हातात कातडी मोजे, आणि कारागिराची मजुरी. ज्या पिशवीत लव्हाळा दिसला ती त्यांनी बाजूला काढायची आणि ती विकायची नाही. गाडी थांबली तरी नाही.

चुलता : आणि उरलेल्या पाच?

पुतण्या : …त्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. खोटं बोलणार नाही. पण तुमच्याकडे तरी आहे का? आठ जणींना कमी पैशांत वाकवून ठेवणं हे उत्तर आहे?

चुलता : नाही. पण ते निदान आठ चुलींना पुरतं. तुझ्या योजनेत तिघींचं भलं होतं आणि पाच जणी उसाच्या तोडीला जातात, तिथे काय पाट मिळतो? मी तुझ्या विरोधात बोलत नाही. तुझ्या गणितात जी आकडेमोड सुटलीय ती दाखवतोय. आणि दुसरं, लव्हाळा दिसलेली पिशवी विकायची नाही म्हणतोस. आज तसं केलं तर चौथ्या वाफ्यातली निम्मी कलमं बाजूला निघतील. गिऱ्हाईक शेजारच्या नर्सरीत जाईल आणि तिथून तोच लव्हाळा घेऊन येईल. मग आपण लव्हाळा थांबवला की फक्त आपलं गिऱ्हाईक थांबवलं?

पुतण्या : मग गिऱ्हाईकाला सांगू. पिशवीबरोबर चिठ्ठी देऊ, की लावण्याआधी सहा आठवडे ही पिशवी बाजूला ठेवा, कोंब आला तर गाठीसकट काढा.

चुलता : ‘आमच्या मालात खोट आहे’ अशी चिठ्ठी? बापाने मला हा धंदा शिकवला तेव्हा असलं काही शिकवलं नव्हतं.

पुतण्या : त्यांच्या वेळी माल हैदराबादला जात नव्हता. आपल्या गावात लव्हाळा आपल्याच पोयट्यातून आपल्याच बागेत जायचा. आता तो आपण पाठवतोय.

चुलता : चिठ्ठीचं मला अजून पटत नाही. सगळ्या पिशव्यांचं तर नाहीच. पण एक करू. या खेपेच्या पन्नास पिशव्या तोंडं साफ करून न विकता सहा आठवडे मॅटवर मांडून ठेव. खालून काही शिरणार नाही. किती पिशव्यांतून हिरवी सुई वर येते ते मोज. मोजायला थोरल्या बाईला बसव, तू बसू नकोस. तुला आंबुशी आणि मेथीतला फरक अजून कळत नाही. आकडा पन्नासात दहा आला तर चिठ्ठीचं बोलू. चाळीस आला तर पोयट्याचंच बोलावं लागेल. आणि तोवर पाच जणींचं काय, हे तू मला विचारत राहा, मी तुला विचारत राहतो.

पुतण्या : आणि तिला त्या दिवसांची रोजी कोणती? खुरपणीची की कारागिराची?

चुलता : …कारागिराची लाव. पण बाकीच्यांना कळलं तर काय सांगायचं, तेही तूच ठरव.

पुतण्या : ठरवतो. सोमवारी आवर्तन सुटतंय.

चुलता : मग आधी हौदाच्या तोंडाची जाळी बदल. जुनी दोन जागी फाटलीय.